प्रकाश-उत्प्रेरकानं हवेतली बाष्पं जाळायची : प्लेट, पिंप आणि कार्बनचा हिशेब

रंग, थिनर, प्लायवूडचा डिंक, नेलपॉलिश, नव्या गाडीची सीट. या सगळ्यांतून हवेत जी सेंद्रिय बाष्पं मिसळतात, ती टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पाडून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत जाळता येतात. हे रसायनशास्त्र पक्कं आहे. घोळ होतो तो चाचणीत. बंद डब्यात उत्प्रेरक ठेवला, बाष्प सोडलं, वास गेला, मीटरचा आकडा शून्यावर आला, की प्रयोग यशस्वी म्हणून लिहिलं जातं. प्रत्यक्षात बाष्प पावडरीला चिकटून बसलेलं असू शकतं, गळून गेलेलं असू शकतं किंवा मीटरला न दिसणाऱ्या फॉर्मल्डिहाइडमध्ये बदललेलं असू शकतं. म्हणून या लेखात प्लेट बनवण्याइतकाच भर चाचणीवर आहे. आत घातलेला कार्बन बाहेर कार्बन डायऑक्साइड म्हणून मोजून मिळाला, तरच काम झालं असं धरायचं.

सगळी मांडणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमेल अशी आहे. लागणारी मोठी उपकरणं तीन : ४५० अंशांपर्यंत जाणारी मफल भट्टी, चार दशांश स्थळांचा तराजू आणि अल्ट्रासॉनिक बाथ. बाकीचं बरंचसं भांड्यांच्या आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

आधी थोडं तत्त्व

टायटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेस या स्फटिकरूपातलं ऊर्जा-अंतर (बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर जायला लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचं आहे. म्हणजे ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश पडला, तरच इलेक्ट्रॉन वर उडतो आणि मागे धन विवर राहतं. विवर पृष्ठभागावरच्या पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील तुकडे) तयार करतं, इलेक्ट्रॉन ऑक्सिजन पकडतो आणि या दोघांच्या कचाट्यात सापडलेला सेंद्रिय रेणू तुटत जातो. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये याच पदार्थाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन दाखवलं, तेव्हापासून हे क्षेत्र वाढलं. व्यवहारासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या : क्रिया फक्त पृष्ठभागावर होते आणि तिला पाणी व ऑक्सिजन दोन्ही लागतात.

पावडर कोणती

एव्होनिक कंपनीची (पूर्वीची डेगुसा) पी२५ ही या क्षेत्रातली मापाची पावडर आहे. सुमारे ८० टक्के ॲनाटेस, २० टक्के रुटाइल (त्याच पदार्थाचं दुसरं स्फटिकरूप), कण २० नॅनोमीटरच्या आसपास आणि पृष्ठभाग ग्रॅमला साधारण ५० चौरस मीटर. दुसरी पावडर वापरायची असेल तरी एक प्लेट पी२५ची करून ठेवा, म्हणजे तुलनेला आधार राहतो.

रंगाच्या दुकानातला ‘टायटॅनियम’ घेऊ नका. तो बहुतेक वेळा रुटाइल असतो आणि त्याच्या कणांवर मुद्दाम ॲल्युमिना-सिलिकाचं कवच चढवलेलं असतं. कारण उत्प्रेरक जागा झाला तर भिंतीचा रंगच खडूसारखा भुकटी होऊन निघेल. सनस्क्रीनसाठीच्या पावडरीचंही तेच. या पावडरी अगदी शुभ्र, स्वस्त आणि आपल्या कामाला निरुपयोगी असतात.

कोरडी पावडर उडते आणि टायटॅनियम डायऑक्साइडच्या श्वासावाटे जाणाऱ्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २बी गटात, म्हणजे माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवलं आहे. वजन करताना एन९५ मास्क लावा, पंखा बंद ठेवा, सांडलेली पावडर ओल्या कापडानं टिपा. झाडूनं लोटायची नाही.

प्लेट

१० × १० सेंटीमीटरच्या, ३ मिलिमीटर जाडीच्या चार बोरोसिलिकेट काचा घ्या. खिडकीची साधी काच चालत नाही, कारण ४५० अंशांवर तिच्यातला सोडियम वर सरकून थरात शिरतो आणि उत्प्रेरकाची धार जाते. स्टीलची जाळीही मोह पाडते, पण भट्टीत तिच्यातलं लोह आणि क्रोमियम थरात उतरतं. पहिल्या प्रयोगाला काचच बरी.

काचा भांड्यांच्या साबणानं घासा, डिस्टिल्ड पाण्यानं धुवा आणि अर्धा तास ४५० अंशांवर भाजून घ्या. थंड काचेवर पाण्याचा थेंब पसरला पाहिजे. मणी होऊन बसला, तर अजून तेलकटपणा आहे.

खळ अशी करा : ९५ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात ५ ग्रॅम पी२५ थोडी थोडी टाका. मग विरल नायट्रिक आम्ल थेंबाथेंबानं घालून सामू ३ वर आणा. ही पायरी टाळली की खळ फाटते. सामू साडेसहाच्या आसपास असताना या कणांवर निव्वळ प्रभार उरत नाही, ते एकमेकांना ढकलत नाहीत आणि गुठळ्या होऊन तळाशी बसतात. आम्लात सगळे धनप्रभारित होतात आणि सुटे राहतात. नंतर ३० मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवा. बाथ तापतो, मध्येच पाणी बदला. तयार खळ पातळ दुधासारखी दिसते आणि तासभर ठेवली तरी वर पाण्याचा थर सुटत नाही.

आपल्याला दर चौरस सेंटीमीटरला १ मिलिग्रॅम थर हवा. ५ टक्क्यांच्या खळीतून १०० चौरस सेंटीमीटरवर १०० मिलिग्रॅम पावडर बसवायची, तर २ ग्रॅम खळ लागते. काच स्पिरिट लेव्हल लावून सपाट ठेवा, मधोमध खळ ओता, काचेच्या कांडीनं कोपऱ्यापर्यंत न्या आणि वर भांडं उपडं घालून रात्रभर सावकाश सुकू द्या. घाईनं हेअर ड्रायर लावला की थराला कोरड्या तळ्यासारख्या भेगा पडतात आणि कडेला जाड वळी जमते.

सुकल्यावर ११० अंशांवर तासभर, मग मिनिटाला ३ अंश या गतीनं ४५० पर्यंत, तिथे एक तास, आणि भट्टी बंद करून आतच थंड. त्याहून फार वर नेऊ नका : सुमारे ६०० अंशांपासून ॲनाटेसचं रुटाइल व्हायला लागतं आणि पृष्ठभागही घटतो. भट्टीआधीच्या कोऱ्या काचेचं आणि नंतरचं वजन वजा करा. प्लेटमागे ९० ते ११० मिलिग्रॅम आलं तर ठेवा, नाहीतर खरवडून पुन्हा करा. चारही प्लेट सारख्या असल्या पाहिजेत.

थर हातानं पुसला तर निघतो, हे गृहीत धरा. नुसत्या पी२५ची पकड तेवढीच असते. प्लेट हलती राहणार असेल, तर खळीत पावडरीच्या ५ ते १० टक्के कोलॉइडल सिलिका घाला. पकड सुधारते, वेग थोडा कमी होतो. पंख्याच्या झोतात ठेवायच्या कोणत्याही उपकरणात ही तडजोड करावीच लागते, नाहीतर तुम्हीच खोलीत नॅनोकण सोडाल.

पिंप

चाचणीचं भांडं म्हणून पहिल्यांदा माशांची काचेची टाकी आठवते. ती नको. टाकीचे सांधे सिलिकॉन सीलंटचे असतात आणि त्यातून सुटणारी सिलॉक्सेन बाष्पं उत्प्रेरकावर जळून शुद्ध सिलिकाचा थर बसवतात. ही विषबाधा हळूहळू होते, डोळ्यांना दिसत नाही आणि प्लेट पुन्हा भाजूनही जात नाही. ॲक्रिलिकचा डबाही नको, कारण तो बाष्पं शोषतो आणि नंतर सोडत बसतो.

धान्याचं किंवा पाण्याचं स्टीलचं सरळ उभं पिंप घ्या. ४० सेंटीमीटर व्यासाचं आणि ४८ सेंटीमीटर उंचीचं असेल तर ६० लीटर भरतं. नेमकं आकारमान लीटरच्या मापानं पाणी भरून ठरवा, पुढचे सगळे हिशेब त्यावर आहेत. झाकणाऐवजी ४ मिलिमीटरची साधी काच ठेवायची. दिवा बाहेर, काचेच्या वर. ३६५ नॅनोमीटरचा बराचसा प्रकाश या काचेतून जातो, आणि दिव्याची उष्णता, वायरी, सोल्डरचा फ्लक्स व एलईडीवरची सिलिकॉनची भिंगं पिंपाबाहेर राहतात.

पिंपाची कड गोल वळवलेली असते, सपाट नसते. तिच्यावर १० मिलिमीटर रुंदीची फुगवलेल्या टेफ्लॉनची गास्केट टेप गोल फिरवा, टोकं एकमेकांवर चढवा, वर काच ठेवून चार सी-क्लॅम्प रबराचा तुकडा मध्ये घालून आवळा. नळाला गुंडाळायची पातळ टेफ्लॉन टेप इथे पुरत नाही.

आत काय काय हवं : ८० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा, कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर, तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, आणि काचेच्या ५ सेंटीमीटर खाली स्टीलच्या जाळीचा स्टँड, त्यावर चार प्लेट दोन-दोनच्या ओळीत. पंखा प्लेटच्या कडेनं वारा जाईल असा लावा. खालून वर मारलेला वारा प्लेटच्या पाठीवर आदळून फुकट जातो. वायरींसाठी बाजूला एक भोक पाडून ते इपॉक्सी पुट्टीनं, म्हणजे एम-सील वगैरेनं बुजवा आणि तीन दिवस उघड्यावर वाळू द्या. सुई टोचायला छोटं पितळी फिटिंग लावून त्यात टेफ्लॉनचं तोंड असलेला सेप्टम (सुई आरपार जाणारी रबरी चकती) बसवा, टेफ्लॉनची बाजू आत.

नवा पंखा आणि नव्या वायरी स्वतःच बाष्पं सोडतात. पिंपाचं तोंड उघडं ठेवून पंखा दोन-तीन दिवस सतत चालवला की हे बरंच कमी होतं.

सेन्सर घेताना

कार्बन डायऑक्साइडसाठी अवरक्त शोषणावर चालणारा, एनडीआयआर जातीचाच सेन्सर घ्या. एससीडी३०, एमएच-झेड१९ या जातीचे आहेत. बाजारात ‘ई-सीओ२’ दाखवणारे स्वस्त सेन्सर असतात. ते कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, बाष्पांवरून अंदाज बांधतात. त्यांच्यासमोर ॲसिटोन सोडलं की ‘कार्बन डायऑक्साइड’ हजारावर जातो, आणि ॲसिटोन जळू लागलं की खाली येतो. म्हणजे खऱ्याच्या बरोबर उलट.

दुसरं, अनेक एनडीआयआर सेन्सरमध्ये आपोआप शून्य जुळवण्याची सोय असते. गेल्या काही दिवसांत दिसलेला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा, असं धरून तो स्वतःला सरकवतो. बंद पिंपात हे गृहीतक चुकतं. ती सोय आज्ञा देऊन बंद करा. सेन्सरच्या माहितीपत्रकातली अधिक-उणे ३० पीपीएमची (पीपीएम म्हणजे दहा लाखांतले भाग) अचूकता वाचून घाबरायला नको. आपल्याला वाढ मोजायची आहे, आणि वजाबाकीत कायमची चूक बरीचशी गळून पडते.

बाष्प मोजायला पीआयडी, म्हणजे आतल्या अतिनील दिव्यानं बाष्पाच्या रेणूंचे आयन करून मोजणारा मीटर मिळाला तर उत्तम. पण त्याची हद्द माहीत असू द्या. नेहमीचा दिवा १०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. ॲसिटोनचं आयनीभवन ९.७ ला होतं, ते दिसतं. फॉर्मल्डिहाइडला सुमारे १०.९ लागतात, मिथेनॉलला १०.८, फॉर्मिक आम्लाला ११.३. ही तिन्ही पीआयडीच्या समोर उभी राहिली तरी त्याला दिसत नाहीत. अर्धवट जळण्यातून नेमकी अशीच मंडळी तयार होतात.

दिवा

‘यूव्ही’ म्हणून मिळणारे बरेच स्वस्त एलईडी ३९५ ते ४०५ नॅनोमीटरचे असतात. ॲनाटेससाठी ते हद्दीपलीकडचे आहेत. डोळ्यांना ठसठशीत जांभळा उजेड दिसला, तर संशय घ्या. ३६५ नॅनोमीटरचा दिवा अंधुक, राखाडी-निळसर दिसतो. ३० सेंटीमीटरच्या ८ वॅटच्या ब्लॅकलाइट ट्यूबा मिळाल्या तर त्याही चालतात. जंतुनाशक २५४ नॅनोमीटरचा दिवा वापरू नका : तो झाकणाच्या साध्या काचेतून जातच नाही आणि उघडा ठेवला तर डोळे व कातडी भाजतो. १८५ नॅनोमीटरही सोडणारे क्वार्ट्झचे दिवे ओझोन तयार करतात, मग नेमकं काम कुणी केलं तेच कळत नाही.

प्लेटच्या जागी अतिनील-ए मीटर ठेवा आणि वर काच ठेवूनच मोजा. चौरस सेंटीमीटरला १ ते २ मिलिवॉट हवेत. आयएसओ २२१९७ या मानक मालिकेतल्या हवाशुद्धीच्या चाचण्याही १ मिलिवॉटवर घेतात. पाच ठिकाणी मोजून सरासरी लिहा, कडा हमखास कमी भरतात. प्रकाश चौपट केला म्हणून वेग चौपट होत नाही. कमी प्रकाशात वेग सरळ प्रमाणात वाढतो, पण प्रकाश खूप झाला की इलेक्ट्रॉन आणि विवरं एकमेकांतच विरतात आणि वेग वर्गमुळाच्या प्रमाणात येतो. दिवा चालू असताना ३६५ नॅनोमीटर अडवणारा चष्मा लावा आणि पिंपाभोवती पुठ्ठ्याचा आडोसा करा.

गळती

रिकामं पिंप बंद करून सेप्टमच्या जागी नळी लावा आणि श्वास रोखून धरून दोन खोल फुंकरी आत सोडा. श्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे ६० लीटरमध्ये आकडा सहज हजार-दीड हजारानं चढतो. भोक बंद करा आणि पाहत राहा. बाहेरच्या हवेपेक्षा जेवढं जास्त आहे त्याच्या १ टक्क्याहून अधिक तासाला घटता कामा नये. म्हणजे १५०० जास्त असेल तर तासाला १५ पीपीएम. त्याहून जास्त घटलं, तर टेपचा जोड आणि वायरींचं भोक आधी तपासा, बहुतेक वेळा तिथेच असतं.

गळती आतही येते, हे विसरलं जातं. खोलीत चार माणसं बसून कार्बन डायऑक्साइड ८०० वर गेला आणि पिंपात ४५० असेल, तर १ टक्क्याच्या गळतीनंही सहा तासांत वीसेक पीपीएमची फुकटची ‘वाढ’ मिळते. चाचणी चालू असताना खोलीची खिडकी उघडी आणि खोली रिकामी.

पदार्थ आणि मात्रा

पहिली चाचणी ॲसिटोनची. ते स्वच्छपणे कार्बन डायऑक्साइडपर्यंत जातं, मध्ये फारसं काही साठत नाही, पीआयडीला दिसतं. टोल्युइननं सुरुवात करू नका : त्यातून बेंझाल्डिहाइड आणि बेंझोइक आम्ल तयार होऊन प्लेटवर चिकटतात, प्लेट पिवळी-तपकिरी पडते आणि वेग तासातासाला उतरतो. ट्रायक्लोरोएथिलीनसारखी क्लोरीनयुक्त द्रावणं तर आणूच नका, त्यांच्या अर्धवट ऑक्सिडीकरणातून फॉस्जीन हा विषारी वायू निघतो.

५० पीपीएम ॲसिटोन हवं. २५ अंशांवर एक मोल वायू २४.४५ लीटर जागा घेतो.
६० × ५० ÷ १०,००,००० = ०.००३ लीटर वायू
०.००३ ÷ २४.४५ = ०.०००१२३ मोल
× ५८.०८ = ७.१ मिलिग्रॅम, म्हणजे द्रवाचे सुमारे ९ मायक्रोलीटर.

१० मायक्रोलीटरची जीसीची (गॅस क्रोमॅटोग्राफीसाठीची) सिरिंज लागते. ॲसिटोनच्या रेणूत तीन कार्बन आहेत, म्हणून सगळं जळालं तर कार्बन डायऑक्साइड १५० पीपीएमनं वाढला पाहिजे. ही चाचणीची कसोटी. ५० पीपीएम ही पातळी ज्वलनशील हद्दीच्या, म्हणजे अडीच टक्क्यांच्या, पाचशेव्या भागाइतकी आहे, स्फोटाची काळजी नको. ॲसिटोन प्रयोगशाळेच्या शुद्धतेचंच घ्या, नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेलं आणि सुगंध असतात.

किती वेळ लागेल याचा अंदाज आधी बांधता येतो. ॲसिटोनचा एक रेणू पूर्ण जळायला १६ इलेक्ट्रॉन हलावे लागतात, म्हणजे ०.१२३ मिलिमोलला सुमारे २ मिलिमोल फोटॉन. ४०० चौरस सेंटीमीटरवर दीड मिलिवॉट म्हणजे ०.६ वॅट. ३६५ नॅनोमीटरच्या एक मोल फोटॉनची ऊर्जा ३२८ किलोजूल, तेव्हा तासाला ६.६ मिलिमोल फोटॉन पडतात. शंभर टक्के उपयोग झाला तर अठरा मिनिटांत काम व्हावं. पण उपयोग ५ टक्के धरा, सहा तास. २ टक्के असेल तर पंधरा. तुमच्या चाचणीत अर्ध्या तासात सगळं ‘जळालं’, तर आनंद साजरा करण्याआधी गळती पुन्हा तपासा.

चाचणी

आदल्या रात्री प्लेट पिंपात ठेवून, झाकण किंचित उघडं ठेवून रात्रभर दिवा लावा. उघड्यावर ठेवलेली प्लेट स्वयंपाकघराचा धूर, परफ्यूम, काय हाताला लागेल ते शोषून घेते, आणि तेच दुसऱ्या दिवशी कार्बन डायऑक्साइड बनून आकडे फुगवतं.

सकाळी बाहेरची हवा पंख्यानं पंधरा मिनिटं आत खेळवा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर आणा. अगदी कोरड्या हवेत हायड्रॉक्सिल मूलक कमी पडतात, दमट हवेत पाणीच पृष्ठभाग अडवून बसतं. पुण्यात हिवाळ्यात ३० टक्के असेल तर २५ अंशांवरच्या ६० लीटर हवेत ०.२ मिलिलीटर पाणी सोडलं की ४५ च्या आसपास येते. कोकणात पावसाळ्यात उलटं : सिलिका जेलची पुडी आत ठेवून हवा आधी कोरडी करा आणि ॲसिटोन सोडण्याआधी पुडी नक्की बाहेर काढा, नाहीतर तेच बाष्प गिळेल.

पिंप बंद. पंखा चालू, दिवा बंद. अर्धा तास सेन्सर गरम होऊ द्या आणि आकडा स्थिर झाला की लिहा. आता ९ मायक्रोलीटर टोचा. अंधारातच तासभर थांबा. पीआयडी ५० दाखवणार नाही, ४०-४५ किंवा त्याहूनही कमी दाखवेल. चार प्लेटवर ४०० मिलिग्रॅम पावडर आहे, म्हणजे २० चौरस मीटर पृष्ठभाग, एका मध्यम खोलीच्या फरशीहून मोठा. त्यावर बरंच ॲसिटोन चिकटून बसतं. याच कारणानं नुसतं ‘बाष्प कमी झालं’ म्हणण्याला अर्थ नाही.

आकडा थांबला की दिवा लावा. दर मिनिटाला कार्बन डायऑक्साइड, बाष्प, आर्द्रता आणि तापमान नोंदवा. पिंपाचं तापमान ५ अंशांहून जास्त चढलं तर दिव्यावर बाहेरून पंखा सोडा, नाहीतर आतला दाब वाढून हवा टेपमधून बाहेर रेटली जाईल. बाष्प शून्यावर आलं म्हणून थांबू नका. कार्बन डायऑक्साइडची रेघ सपाट होईपर्यंत चालू ठेवा. बहुतेक वेळा बाष्प संपल्यावरही ती तास-दोन तास चढत राहते. पृष्ठभागावर चिकटलेलं आणि अर्धवट जळालेलं त्या वेळात संपतं.

याच क्रमानं तीन कोऱ्या चाचण्या करायच्याच : प्लेटशिवाय दिवा आणि ॲसिटोन, प्लेट आणि ॲसिटोन पण दिवा नाही, प्लेट आणि दिवा पण ॲसिटोन नाही. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात टाळली जाणारी. तिच्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड वाढेल तेवढा मुख्य चाचणीतून वजा करा. तो सहा तासांत ३० पीपीएमहून जास्त असेल, तर प्लेट किंवा पंखा अजून घाण आहे, मुख्य चाचणी घेण्यात हशील नाही.

वजाबाकीनंतर १२० ते १५० आले, तर प्लेट उत्तम चालते. ७०-८० वर रेघ सपाट झाली आणि पीआयडी शून्य दाखवतोय, तर कार्बन कुठेतरी अडकला आहे : प्लेटवर किंवा पीआयडीला न दिसणाऱ्या रूपात हवेत. १५० च्या वर गेलं, तर बाहेरून काहीतरी आलं. ‘क्षमता जास्त निघाली’ असा अर्थ काढू नका.

फॉर्मल्डिहाइड

दुसरी चाचणी इथेनॉलची घ्या, ७ मायक्रोलीटर, अपेक्षित वाढ १०० पीपीएम. इथेनॉल आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, मग ॲसेटिक आम्ल, फॉर्मल्डिहाइड, फॉर्मिक आम्ल आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड. पीआयडी इथेनॉलला मंद आणि ॲसिटाल्डिहाइडला त्याहून तेज प्रतिसाद देतो, म्हणून दिवा लावल्यावर त्याचा आकडा आधी चढू शकतो. मीटर बिघडलेला नसतो.

ही चाचणी अर्ध्यावर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड ५० नं वाढल्यावर थांबवा, दिवा बंद करा आणि आतली हवा छोट्या पंपानं मिनिटाला १ लीटर या गतीनं १० मिलिलीटर डिस्टिल्ड पाण्यातून बुडबुडत पिंपात परत सोडा. तास-दोन तासांत बरंचसं फॉर्मल्डिहाइड पाण्यात उतरतं. १०० मिलिलीटर पाण्यात १५ ग्रॅम अमोनियम ॲसिटेट, ०.३ मिलिलीटर ग्लेशियल ॲसेटिक आम्ल आणि ०.२ मिलिलीटर ॲसिटाइलॲसिटोन विरघळवून ठेवा. त्यातलं ५ आणि नमुन्याचं ५ मिलिलीटर एकत्र करून ६० अंशांवर दहा मिनिटं ठेवलं की फॉर्मल्डिहाइड असल्यास पिवळा रंग येतो. तो ४१२ नॅनोमीटरवर मोजायचा. कोऱ्या पाण्याचा नमुना आणि माहीत असलेल्या तीन-चार मात्रांचे नमुने सोबत हवेतच.

हे जास्तीचं काम वाटेल, पण अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेनं अशा उपकरणाची प्रत्यक्षातल्यासारख्या मिश्र बाष्पांवर चाचणी घेतली, त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये आले, आणि त्यात अर्धवट ऑक्सिडीकरणातून फॉर्मल्डिहाइड व ॲसिटाल्डिहाइड तयार होताना दिसलं. घरातल्या हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची फॉर्मल्डिहाइडची मार्गदर्शक मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीला घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ०.०८ पीपीएम आहे. इथेनॉल घालवून फॉर्मल्डिहाइड मिळत असेल, तर उपकरण न लावलेलं बरं.

प्लेट मंदावली तर

आधी स्वच्छ दमट हवेत रात्रभर दिवा. टोल्युइनचा पिवळेपणा बराचसा यानं जातो. मग डिस्टिल्ड पाण्यात बुडवून काढा, हवेतल्या नायट्रोजन ऑक्साइडपासून झालेले नायट्रेट विरघळून जातात. तरीही नाही, तर पुन्हा ४५० अंश. याही नंतर वेग परतला नाही, तर सिलिका बसली आहे असं समजा आणि सिलिकॉन शोधा : सीलंट, व्हॅक्यूम ग्रीस, सिलिकॉनची नळी, शेजारी काम करणाऱ्याचं हेअर सिरम.

खोलीसाठी किती लागेल

चाचणीत ॲसिटोन दीड तासात निम्मं झालं असं धरा. वेगाचा स्थिरांक तासाला ०.४६, गुणिले ६० लीटर, म्हणजे चार प्लेट तासाला २८ लीटर हवा स्वच्छ करतात. ३ × ३ × ३ मीटरची खोली २७ घनमीटरची. खिडक्या लावलेल्या असतानाही फटींतून तासाला निम्मी हवा बदलत असेल, तर ते साडेतेरा घनमीटर झालं. त्याची बरोबरी करायला प्लेटचं क्षेत्रफळ ४८० पट, म्हणजे १९ चौरस मीटर हवं, आणि त्यावर पाडायला नुसत्या अतिनील प्रकाशाचे जवळपास २९० वॅट. वीज त्याहून कितीतरी जास्त. खोलीतली बाष्पं पीपीएमच्या हजाराव्या भागात असतात, तिथे पृष्ठभाग भरलेला नसल्यानं स्थिरांक काही पट चांगला मिळतो, हे खरं. तरीही हातभर लांबीच्या, आत तळहाताएवढी जाळी असलेल्या ‘प्युरिफायर’नं बैठकीची खोली स्वच्छ होते यावर हा हिशेब मांडल्यावर विश्वास बसत नाही. रंगाच्या वासाला खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन, कायमच्या उगमाला ॲक्टिव्हेटेड कार्बन.

उत्प्रेरकाला खरी जागा मिळते ती बंद, हवा न बदलता येणाऱ्या ठिकाणी, जिथे एकच साधा रेणू सतत थोडा थोडा सुटतो. फळांच्या साठवणीतलं इथिलीन, म्हणजे फळं पिकवणारा वायू, हे त्याचं चांगलं उदाहरण. अंतराळात रोपं वाढवण्यासाठी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये १९९० च्या दशकात टायटॅनियम डायऑक्साइडवर चालणारं इथिलीन काढणारं यंत्र बनवलं गेलं. जळगावच्या केळ्यांच्या साठवणखोलीसाठी असं काही करून पाहायचं असेल, तर हेच पिंप १३-१४ अंशांवर आणि ९० टक्के आर्द्रतेवर चालवून बघा, कारण केळी तशाच हवेत ठेवतात आणि ४५ टक्क्यांवर मिळालेला वेग तिथे टिकत नाही. इथिलीनच्या ५० पीपीएमला कार्बन डायऑक्साइड १०० वाढला पाहिजे. पीआयडीला इथिलीन जेमतेम दिसतं, त्याचा सुधारगुणक माहितीपत्रकातून घ्या. आणि चाचणीच्या वेळी पिंपात केळी ठेवू नका : एक डझन केळ्यांचा श्वासच एवढा असतो की त्यात तुमचे १०० पीपीएम शोधूनही सापडणार नाहीत.